जिन्यातल्या दिव्याचं बटण बदलताना: तीन स्क्रू आणि चार वायरी

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास भाचीचा चिपळूणहून फोन आला. "आत्या, जिन्याखालचं बटण मी आज बदललं. वायरी होत्या तशाच लावल्या, एकही इकडची तिकडे केली नाही. पण आता वरच्या बटणाने दिवा कधी लागतो, कधी लागतच नाही."

मी विचारलं, "खालचं बटण एका बाजूला असेल तर वरून दिवा नीट चालू-बंद होतो, आणि दुसऱ्या बाजूला केलं की वरून कितीही दाबलं तरी लागत नाही, असं होतंय का?"

फोनवर पावलं वाजली, मग बटणाची खटखट. "हो गं! तुला तिथे बसून कसं कळलं?"

कळलं, कारण वायरी होत्या तशाच लावल्या, हेच चुकलं होतं. जुन्या बटणाला मागे तीन स्क्रू होते, नव्यालाही तीनच. तिने मधली वायर मधे, डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे अशी लावली. पण जुन्या बटणात मुख्य स्क्रू मधला होता आणि नव्यात तो कडेचा होता. बटण बदलताना होणारी ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. वायर तिच्या जागेवरून किंवा रंगावरून ओळखायची नसते, तिच्या कामावरून ओळखायची असते. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, जिन्याच्या दिव्याचं हे मंडल दरवर्षी फळ्यावर काढलं आणि घरातली बटणं स्वतः बदलत आले. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते.

आधी बटण कोणतं आहे ते ओळखू. पडवीतला दिवा, देवघरातला दिवा, यांना एकाच ठिकाणाहून चालू-बंद करणारं साधं बटण असतं. त्याला वायरीसाठी दोन जागा असतात. एकीत फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, येते आणि दुसरीतून दिव्याकडे जाणारी वायर निघते. या दुसऱ्या वायरीला वायरमन 'हाफ वायर' म्हणतात. अशा बटणात दोन वायरींची अदलाबदल झाली तरी दिवा लागतो. जिन्यातला किंवा लांब बोळातला दिवा दोन ठिकाणांहून चालतो, तिथे 'टू-वे' बटण लागतं आणि त्याला तीन जागा असतात. चार जागांचं बटणही मिळतं, तीन किंवा जास्त ठिकाणांहून एकच दिवा चालवायचा असेल तेव्हा मधल्या जागी ते बसतं. दुकानात नुसतं "लाईटचं बटण द्या" म्हणालात तर दोन जागांचंच हातात पडेल आणि ते जिन्यात चालणार नाही. उलट मात्र चालतं: घरात टू-वे बटण जादा पडलं असेल तर मुख्य स्क्रू आणि उरलेल्या दोनपैकी कोणताही एक वापरून ते साध्या दिव्याला लावता येतं. बटण उलटं चालू-बंद व्हायला लागलं तर मुख्य स्क्रूवरची सोडून दुसरी वायर मोकळ्या राहिलेल्या स्क्रूवर न्यायची.

टू-वे बटण समजून घ्यायला रेल्वेचा सांधा डोळ्यांसमोर आणा. एक रूळ येतो आणि सांध्यापाशी त्याचे दोन होतात. सांधा फिरवला की गाडी या रुळावर, नाहीतर त्या रुळावर. खालच्या बटणात फेजचा एकच रूळ येतो आणि तिथून दोन वायरी जिन्याने वर जातात. वरच्या बटणात त्या दोन्ही येऊन मिळतात आणि तिथून एकच हाफ वायर दिव्याकडे जाते. दोन्ही सांधे एकाच वायरीकडे वळलेले असतील तर दिवा लागतो, एक इकडे आणि एक तिकडे असेल तर विझतो. एकटा रूळ ज्या स्क्रूवर येतो तो 'कॉमन', म्हणजे वर म्हटलेला मुख्य स्क्रू; उरलेले दोन, मग ते कुठेही असोत, 'कडेचे'. खालच्या कॉमनवर फेज, वरच्या कॉमनवर हाफ वायर, आणि उरलेल्या दोन-दोन स्क्रूंवर जिन्याच्या दोन वायरी. त्या दोघी आपसात बदलल्या तरी काही बिघडत नाही.

भाचीने काय केलं होतं? कॉमनवर जिन्याची एक वायर लावली आणि फेज मधल्या, कॉमन नसलेल्या स्क्रूवर गेली. त्यामुळे खालचं बटण एका बाजूला असताना फेज एकाच वायरीने वर जायची आणि वरचं बटण तिला जोडायचं किंवा तोडायचं. दुसऱ्या बाजूला केलं की जिन्याच्या दोन वायरीच एकमेकींना जोडल्या जायच्या आणि फेज बाजूला पडायची. मग वरून काही होणं शक्यच नव्हतं. शॉर्ट सर्किट होत नाही, स्फोट होत नाही, म्हणून माणूस बटणच खराब निघालं असं समजून दुकानात परत नेतो.

तिच्या बोर्डात आणखी एक गोष्ट होती. तीन स्क्रू, पण वायरी चार. फेजच्या स्क्रूमध्ये दोन वायरी एकत्र कोंबलेल्या होत्या. त्यातली दुसरी म्हणजे 'लूप', शेजारच्या पडवीच्या बटणाला फेज पोचवणारा छोटा तुकडा. बोर्डात फेज अशीच एका बटणावरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते. या दोघींना वेगळं केलं की पुढची सगळी बटणं मरतात. सुदैवाने तिने त्यांना एकत्रच ठेवलं होतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वीज खरोखर बंद करणं. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे, आणि दिव्याच्या बटणातला झटका माणूस मारायला पुरेसा असतो. भाचीने मेन स्विच पाडला तेव्हा जिन्यातला दिवा तसाच जळत राहिला होता. कारण इन्व्हर्टर. कोकणात पावसाळ्यात वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि मेन पाडला की इन्व्हर्टर वीज गेली असं समजून लगेच पुरवठा सुरू करतो. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करूनही भागत नाही, कारण मेन चालू असेल तर बाहेरची वीज इन्व्हर्टरमधून सरळ घरात येते. म्हणून आधी मेन बंद, मग इन्व्हर्टर बंद, आणि दोन्ही बंद असताना दिवे-पंखे सगळे गप्प आहेत ना ते पाहायचं. दोन भावांच्या घरात खाली एक मीटर आणि माडीवर दुसरा असतो. तिथे जिन्याच्या दिव्याची फेज वरच्या मीटरवरून आलेली असू शकते. तिथे दोन्ही मेन बंद करा. मेनपाशी घरातलं एखादं माणूस उभं करा किंवा चिकटपट्टीने कागद लावा, नाहीतर शाळेतून आलेलं पोर "लाईट गेली वाटतं" म्हणून चालू करून टाकतं.

मग टेस्टर. वीज बंद करण्यापूर्वी तो चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का ते बघा. वीज बंद केल्यावर बटणाच्या प्रत्येक स्क्रूला लावा. मग वायरींना हात लावण्याआधी तोच टेस्टर शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटमध्ये पुन्हा पेटतो का ते तपासा. मधेच टेस्टर मेला असेल तर तो सगळीकडे वीज नाही असंच सांगेल. उन्हात त्याचा निऑन दिसत नाही, ओंजळीची सावली करून बघा. पाच-सातशे रुपयांच्या आसपासचा साधा मल्टिमीटर घरात असेल तर फारच चांगलं, या कामात त्याचा 'बीप' (दोन टोकं आतून जोडलेली असतील तर येणारा आवाज) टेस्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नवं बटण भिंतीवर चढवण्याआधी हातात घेऊन त्याचा कॉमन शोधा. काही बटणांवर इंग्रजी सी किंवा एल असं कोरलेलं असतं, काहींवर नुसते आकडे असतात, काहींवर काहीच नसतं. खूण वाचा, पण मीटरने खात्री करा. मीटर बीपवर ठेवा आणि दोन-दोन स्क्रूंना टोकं लावून बटण इकडे-तिकडे करा. जो स्क्रू एकदा याच्याशी आणि एकदा त्याच्याशी बीप देतो तो कॉमन. जे दोन एकमेकांशी कधीच बीप देत नाहीत ते कडेचे. कॉमनवर स्केचपेनने ठिपका द्या. मीटर नसेल तर दुकानदाराकडूनच तपासून घ्या, विजेच्या सामानाच्या दुकानात सिरीज बोर्ड (मधे बल्ब लावून जोडणी तपासायचा बोर्ड) असतो, मिनिटाचं काम.

जुन्या बटणाचाही कॉमन शोधायचा, पण त्याची तयारी वायरी सोडण्याआधी करा. वीज बंद, बोर्ड भिंतीपासून उघडून पुढे ओढलेला, वायरी अजून जागेवर. मोबाईलने फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका, फोटो फक्त जागा दाखवतो. बटणावर खूण असेल तर तिच्यावरून आणि नसेल तर कोणती वायर कोणत्या स्क्रूवर ते टिपून, मग मोकळ्या बटणाला मीटर लावून कॉमन ठरवा, आणि कॉमनवरची वायर (किंवा वायरींची जोडी) लगेच रंगीत चिकटपट्टीने बांधा. उरलेल्या दोघींना काही बांधायची गरज नाही.

रंगांविषयी थोडं बोलायला हवं. आपल्याकडे फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरीला, काळा आणि अर्थिंगला हिरवा असा संकेत आहे. पण जिन्याच्या तीन वायरी एकाच नळीतून ओढताना वायरमन हातात असेल त्या बंडलातून घेतो. आमच्या माहेरच्या जिन्यात तिन्ही लाल आहेत. काही घरांत हाफ वायर काळी सापडते, आणि तिला न्यूट्रल समजून दुसऱ्या काळ्या वायरीला जोडलं की दिवा लावताक्षणी शॉर्ट होतो.

जुनं बटण जळून गेलं असेल आणि मीटरला त्यातून काहीच कळत नसेल, तर वायरींनाच विचारावं लागतं. हे काम वीज चालू करून करायचं असतं, म्हणून घाई नको. वीज बंद असतानाच तिन्ही वायरींची टोकं प्लास्टिकच्या कनेक्टर पट्टीत वेगवेगळ्या घरांत घट्ट बसवा, तांबं कुठेही उघडं दिसता कामा नये. मग वायरींपासून हात लांब ठेवून वीज चालू करा आणि कनेक्टरच्या स्क्रूला टेस्टर लावा. तुम्ही खालच्या बटणाच्या जागी असाल तर एकच वायर कायम जिवंत असते, ती फेज. वरच्या जागी असाल तर कोणाला तरी खालचं बटण दाबायला सांगा: दोन वायरींपैकी एकदा ही जिवंत होते, एकदा ती, आणि जी कधीच होत नाही ती दिव्याची. लांब अंतर एकत्र धावणाऱ्या वायरींत टेस्टर मंद, खोटा उजेड दाखवतो. मंद आणि झगझगीत यांतला फरक बघा. यात जरासुद्धा शंका वाटली तर वीज बंद करा आणि वायरमनला बोलवा.

काही ठिकाणी तर सुरुवातीलाच थांबायचं. जुन्या काळी वायर वाचवायला काहींनी जिन्याच्या बटणात कडेच्या एका स्क्रूवर फेज आणि दुसऱ्यावर न्यूट्रल नेलेला असतो. तिथे दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असू शकते, आणि वायरी चुकल्या तर सरळ शॉर्ट होतो. अशी जोडणी सापडली तर बटण नव्हे, ती जोडणीच बदलून घ्यायची, आणि ते घरी करायचं काम नाही. वायरीचं आवरण हातात तुकडे पडून येत असेल, भिंत ओली असेल, किंवा आत पांढरट ॲल्युमिनियमची वायर असेल तरीही थांबा. ॲल्युमिनियम दोनदा वाकवलं की तुटतं, आणि भिंतीतून जेमतेम दोन इंच बाहेर असलेली वायर तुटली की पुढचं काम मोठं होतं.

"घरच्या माणसाने बटण बदलणं कायद्यात बसतं का?" असं भाचीच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावानेच विचारलं. बसतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम घरातल्या विजेच्या कामाला परवानाधारक कंत्राटदार सक्तीचा करत असे, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं अशा वस्तूंची अदलाबदल त्यातून वगळत असे, मात्र त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यांच्या जागी आलेल्या २०१० च्या विनियमांत हाच अपवाद होता, आणि आताच्या २०२३ च्या विनियमांतही तो आहे. म्हणजे दिव्याच्या बटणाजागी दिव्याचं बटण चालेल. त्याच वायरीवर गिझरचं सॉकेट काढणं चालणार नाही.

टोकं लावण्याच्या कामात लोक सगळ्यात जास्त घाई करतात, आणि बटणं तिथेच जळतात. जुन्या बटणाच्या स्क्रूची पद्धत वेगळी असू शकते. काहींत वायरीचा आकडा करून स्क्रूभोवती गुंडाळलेला असतो, स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. नव्या मॉड्यूलर बटणांत वायर भोकात सरळ सरकवायची असते आणि स्क्रू तिला वरून दाबतो. म्हणून आकड्याचं वाकडं टोक नव्या भोकात कोंबू नका, ते कापून टाका आणि नवं टोक काढा. आवरण आठ ते दहा मिलिमीटर सोला. कमी सोललं तर स्क्रू आवरणावर बसतो, दिवा लागतो, पण महिन्याभरात चरचरायला लागतो. जास्त सोललं तर उघडं तांबं शेजारच्या स्क्रूला लागतं. बारीक तारांची वायर असेल तर तारा घट्ट पिळा आणि टोक दुमडून दुहेरी करा, म्हणजे स्क्रूला पकड मिळते. जुनी ३/२२ ची वायर, म्हणजे २२ गेजच्या तीन तारांची, तिच्या तिन्ही तारा भोकात गेल्या पाहिजेत. एक बाहेर राहिली तर आत ढकलू नका, परत काढून पिळा. फेज आणि लूप एकाच भोकात जाणार असतील तर दोघी एकत्र पिळून मग सरकवा.

आमच्याकडच्या दमट हवेत तांब्याच्या टोकावर हिरवट जंगाल चढलेलं असतं. तसं टोक पॉलिश पेपरने घासून लखलखीत करा, आणि वायर लांब असेल तर अर्धा इंच कापूनच टाका. माहेरच्या बोर्डात तर जुलै २०२१ च्या पुराची माती होती. वाशिष्ठीचं पाणी खालच्या मजल्यात शिरलं होतं, नंतर बाजारात मिळेल ते बटण बसवून घेतलं गेलं आणि आतलं कोणी साफ केलं नाही. भाचीने कोरड्या दात घासायच्या ब्रशने ती माती आणि कुंभारीण माशीचं घरटं काढलं. पाणी किंवा स्प्रे वापरू नका.

स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर धरून ओढून बघा. हललीच नाही पाहिजे. जो पेचकस स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसतो तोच घ्या, टेस्टरने स्क्रू आवळू नका, त्याचं पातं तेवढं दाबायला केलेलं नसतं. मागचा डबा लोखंडी असेल तर हिरवी वायर त्याला लागलेली आहे ना ते बघा. वायरी डब्यात ठेवताना गोल वळवून ठेवा, नाहीतर प्लेटच्या स्क्रूखाली एखादी चिरडली जाते. बटण दिव्यासाठी सहा अँपियरचं पुरतं. नऊ वॅटचा एलईडी तर ०.०४ अँपियरच्या आसपासच घेतो.

वीज चालू करून चारही जोड्या तपासा: खालचं बटण या बाजूला आणि वरचं दोन्ही बाजूंना, मग खालचं त्या बाजूला आणि वरचं पुन्हा दोन्ही बाजूंना. चारांपैकी दोनदा दिवा लागला पाहिजे आणि प्रत्येक वेळी कोणतंही एक बटण दाबलं की स्थिती बदलली पाहिजे. तसं होत नसेल तर कॉमन चुकला आहे. वीज पुन्हा तशीच पूर्ण बंद करा आणि कॉमनवरच्या वायरीची कडेच्या वायरीशी अदलाबदल करा.

एक तक्रार हमखास येते: सगळं बरोबर आहे, पण बंद केल्यावर एलईडी अंधारात अगदी मंद उजळत राहतो. जिन्याच्या दोन वायरी लांबपर्यंत शेजारी-शेजारी धावतात आणि त्यातल्या एकीत कायम फेज असते, तिच्यामुळे शेजारणीत किंचित वीज उतरते. ती जुन्या बल्बला कळत नसे, एलईडीला कळते. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यानेही असं होतं. पण साध्या, दोन जागांच्या बटणावरचा दिवा असा उजळत असेल आणि इंडिकेटर नसेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असण्याची शक्यता आहे. अशा दिव्याचा होल्डर बटण बंद असतानाही जिवंत असतो. बल्ब बदलायला हात लावण्याआधी मेन बंद करा आणि ते वायरमनकडून दुरुस्त करून घ्या.

त्या रात्री भाचीला मी मेन आणि इन्व्हर्टर परत बंद करायला सांगितलं. तिने मोबाईलच्या उजेडात मीटरने कॉमन शोधला, फेज आणि लूपची जोडी तिथे नेली, जिन्याची वायर मधे घेतली. दहा मिनिटांत वरून-खालून दोन्हीकडून दिवा लागला. प्लेट लावण्याआधी तिला म्हटलं, आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेव. तिने लिहिलं: "कॉमन उजवीकडची. लाल जोडी = फेज + पडवीचं लूप. इन्व्हर्टर बंद करणे." आणि खाली तारीख.